पालटेल तेवढेच पालटावे : संकेतस्थळाच्या पानाची किफायतशीर दुरुस्ती

ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावरील एक आकडा बदलावयाचा असेल, तर सगळा फलक पुसून तो पुन्हा लिहिण्याची आवश्यकता नसते. तेवढाच आकडा पुसून नवा लिहिला जातो. संकेतस्थळाच्या पानाबाबत मात्र हा साधा नियम पुष्कळदा पाळला जात नाही. त्याचा भुर्दंड साधा मोबाईल आणि क्षीण नेटवर्क यांवर काम भागविणाऱ्या नागरिकाला सोसावा लागतो. कार्यालये व शाळा यांची पाने तयार करणाऱ्यांनी, तसेच ती करवून घेणाऱ्यांनीही, यामागील तत्त्व समजून घेणे अगत्याचे आहे.

थोडा पूर्वेतिहास

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. प्रारंभीची पाने छापील कागदासारखी स्थिर होती. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट या भाषेचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत सिद्ध केला आणि ब्राउझरमध्येच आदेश चालविणे शक्य झाले. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये, पान तसेच ठेवून सर्व्हरकडून केवळ नवी माहिती मागविण्याची सोय झाली. या पद्धतीस २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी ‘अजॅक्स’ हे नाव दिले.

पानाची वंशावळ

ब्राउझर पानाचा मजकूर वाचून त्याची एक वंशावळ तयार करतो. तिला ‘डॉम’ म्हणतात. पान हे मूळ पुरुष, त्याच्या पोटी तक्ता, तक्त्याच्या पोटी ओळी, ओळींच्या पोटी रकाने, अशी तिची रचना असते. स्क्रिप्टने त्यात फेरफार केला की ब्राउझरला बहुधा त्या बदलाचा परिणाम होणाऱ्या घटकांची जागा व आकार पुन्हा मोजावा लागतो आणि नंतर पडद्यावर चित्र उमटवावे लागते. बहुतेक पडदे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतात, म्हणजे प्रत्येक चित्रास सुमारे १६ मिलिसेकंद मिळतात. काम त्यात आटोपले नाही, तर पान अडखळू लागते.

एक उदाहरण

समजा, पाणीपट्टीच्या थकबाकीचा ५०० ओळींचा तक्ता पानावर मांडावयाचा आहे. नवशिका लेखक ‘इनरएचटीएमएल’ या गुणधर्मात एकामागून एक ओळ जोडत जातो. वरवर हे सोपे दिसते. परंतु प्रत्येक वेळी ब्राउझर आधीच्या सर्व ओळी मोडून नव्याने उभारतो. पहिल्या वेळी १, दुसऱ्या वेळी २, याप्रमाणे ५०० ओळींसाठी एकूण १,२५,२५० ओळी घडविल्या जातात! त्याऐवजी ‘डॉक्युमेंटफ्रॅगमेंट’ या तात्पुरत्या घटकात सर्व ओळी बाजूला तयार करून त्या एकदाच पानात बसविल्यास ५०० ओळींचेच काम उरते.

हानी केवळ वेळेची नसते. त्याच तक्त्यात एखादा नागरिक आपला मोबाईल क्रमांक भरीत असताना तक्ता मोडून नव्याने उभारला गेला, तर अर्धवट लिहिलेली माहिती नाहीशी होते. म्हणून प्रत्येक ओळीस ग्राहक क्रमांकासारखी कायमची खूण द्यावी, जुन्या व नव्या माहितीची तुलना करावी आणि पालटलेल्या रकान्यालाच हात लावावा.

ध्यानात ठेवावयाच्या बाबी

१. केवळ अक्षरे किंवा आकडे बदलावयाचे असल्यास ‘टेक्स्टकंटेंट’ वापरावे. नागरिकाने लिहिलेली तक्रार ‘इनरएचटीएमएल’मधून जशीच्या तशी दाखविल्यास, त्या मजकुरात दडविलेला घातक आदेश वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालू शकतो. हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

२. एकच घटक वारंवार लागत असेल, तर तो एकदा शोधून जवळ ठेवावा.

३. घटकांची उंची-रुंदी प्रथम वाचून घ्यावी आणि बदल त्यानंतर करावेत. वाचन व बदल आलटून पालटून केल्यास दर वेळी नव्याने मोजणी होते.

४. ५०० ओळींवरील ५०० कळींना वेगवेगळे आदेश जोडण्याऐवजी संपूर्ण तक्त्यास एकच आदेश जोडावा. कळ दाबल्याची वर्दी वंशावळीतून वर तक्त्यापर्यंत पोहोचतेच.

५. सर्व्हरकडे सारखी विचारणा करू नये. मागील उत्तराची खूण सोबत पाठविल्यास, बदल नसताना सर्व्हर ‘३०४’ हा संकेत देऊन मोकळा होतो आणि संपूर्ण मजकूर पुन्हा पाठविण्याचा खर्च वाचतो.

६. दृष्टिहीन व्यक्ती पडदावाचकाच्या साह्याने पान ऐकतात. बदलणाऱ्या भागास ‘एरिया-लाइव्ह’ ही खूण दिली, तरच तो बदल त्यांना आपोआप ऐकू येतो.

समारोप

स्क्रिप्ट हे साधन आहे, पानाचा पाया नव्हे. ते काही कारणाने चालले नाही तरी मूळ माहिती वाचता आली पाहिजे. म्हणून महत्त्वाचा मजकूर प्रथम सर्व्हरकडूनच यावा आणि स्क्रिप्टने त्यात भर घालावी. संकेतस्थळ तयार झाल्याचे सांगण्यात आल्यावर ते केवळ कार्यालयातील नव्या संगणकावर पाहून स्वीकारू नये. गावातील एखाद्या जुन्या मोबाईलवर ते उघडून पाहावे, त्यातील एखादा अर्ज भरून पाहावा. ज्याच्यासाठी हे पान आहे, त्याला ते त्याच्याच हातातील साधनावर सुखाने वाचता आले, तरच केलेले श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.