सशांच्या लेंड्या रोज का काढाव्यात?



तुमच्या देणगीतून शाहूवाडी तालुक्यातील एका वाडीवर आम्ही ससे दिले. पावसाळ्यात नुकतीच दूध सुटलेली पिल्ले पोट फुगून, हगवण लागून मेली. मावशी म्हणाल्या, "नजर लागली." पशुवैद्यकांनी लेंड्या तपासून कॉक्सिडिया हे सूक्ष्म परजीवी असल्याचे सांगितले. चूक माझी, पिंजरा मी ओल्या जमिनीवर ठेवू दिला होता.

या परजीवींचे कोश लेंड्यांतून पडतात आणि उबदार ओलाव्यात एक-दोन दिवसांत रोग देण्याजोगे होतात. साध्या जंतुनाशकाने ते मरत नाहीत. म्हणून लेंड्या रोज काढाव्यात, पिंजरा उंच व जाळीच्या तळाचा असावा, भांड्यांवर उकळते पाणी ओतावे. औषध पशुवैद्यकांना विचारूनच द्यावे.

यापुढे सशांच्या आधी पिंजरा देऊ. प्रार्थनेत मावशींची आठवण ठेवा.