गोष्ट सांगणारं गाणं : पोवाडा कसा ऐकावा?

हॉस्टेलवर इंग्लिश फोक-रॉक ऐकणारे बरेच जण आहेत. त्यातली काही गाणी म्हणजे चक्क गोष्टी असतात. बॉब डिलनचं १९७५ सालचं 'हरिकेन' घ्या. रुबिन कार्टर या बॉक्सरला खुनाच्या खटल्यात कसं अडकवलं गेलं, ते त्यात साक्षीदार, पोलीस, कोर्ट यांच्यासकट येतं. 'द डिसेंबरिस्ट्स' या बँडने २००६ साली 'द क्रेन वाइफ' हा अल्बम काढला, त्याचं नावच एका जपानी लोककथेवरून घेतलंय. आपण हे कौतुकाने ऐकतो. ऐकावंच. पण हेच काम आपल्याकडे साडेतीनशे वर्षांपासून डफावर चालू आहे, त्याचं काय?

शिवकाळात अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधावर (१६५९) पोवाडा रचला, तुळशीदासाने सिंहगडावर (१६७०). हे पोवाडे तोंडातोंडी टिकले. १८९१ साली अ‍ॅकवर्थ हा इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी असे अनेक पोवाडे गोळा करून छापले. त्याआधी १८६९ मध्ये महात्मा फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला होता.

आता पोवाड्याचे पार्ट सुटे करून बघू.

१) नमन : सुरुवातीला देवाला, गुरूला वंदन. तेवढ्यात गर्दी स्थिर होते.

२) चौक : कथेचा एकेक टप्पा म्हणजे एक चौक. खान विजापूरहून निघाला, महाराजांनी तयारी केली, प्रतापगडाखाली भेट झाली, असं पुढे सरकत जायचं. शेवट सगळ्यांना माहीत असतो, तरी लोक हलत नाहीत. कारण उत्सुकता 'काय झालं' याची नसते, 'कसं झालं' याची असते.

३) गद्य : शाहीर मध्येच गाणं थांबवून बोलतो. नावं, जागा, कारणं इथे सांगून टाकतो, म्हणजे गाण्यावर माहितीचं ओझं पडत नाही.

४) झीलकरी : मागे उभे राहून 'जी जी' करणारे. हे नुसते कोरस नव्हेत. ते शाहिराला दम घ्यायला वेळ देतात आणि मध्येच प्रश्नही विचारतात. म्हणजे आपल्या मनातलंच विचारतात. इंजिनिअरिंगच्या भाषेत हा फीडबॅक लूप!

५) नाममुद्रा : शेवटी शाहीर स्वतःचं नाव गुंफतो. छापखाना नसताना 'हे माझं' सांगायची हीच सोय होती.

वाद्यं मोजकीच. डफ, तुणतुणं, झांज. त्यामुळे शब्द वर राहतात.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. पेशवाईतले शाहीर राम जोशी सोलापूरचे. त्यांचं नाव मुख्यतः लावणीसाठी घेतात. संस्कृत शिकलेला हा माणूस फडावर उभा राहिला आणि मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून लोकांपर्यंत नेल्या. त्यांच्यावर १९४७ साली 'लोकशाहीर राम जोशी' हा सिनेमाही आला. शाहीर अमर शेख बार्शीचे, जन्म १९१६. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊंनी तर थेट स्टॅलिनग्राडच्या लढाईवर पोवाडा लिहिला होता! म्हणजे पोवाडा फक्त गड-किल्ल्यांचा नाही. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत याच आवाजांनी मैदानं भरली.

मग आज अडतं कुठे? मिरवणुकीत पोवाड्याचा ट्रॅक डीजेच्या बेसवर लागतो. ठेका पोचतो, गोष्ट हरवते. आणि आमच्यासारखी कॉन्व्हेंटमधली मुलं 'हे मराठी अवघड आहे' म्हणून सोडून देतात. खरं तर डिलनचे शब्दसुद्धा आपण लिरिक्स समोर ठेवूनच समजून घेतो. तेवढीच मेहनत इथे घ्यायला काय हरकत आहे?

शेवटी एक प्रॅक्टिकल. चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याची ही गोष्ट. गॅदरिंगसाठी यावर दहा मिनिटांचा पोवाडा बसवायचा झाला, तर पहिला चौक कुठून सुरू कराल? गांधीजींच्या अटकेच्या बातमीपासून, की फाशीच्या सकाळपासून? गद्यात काय सांगाल? झीलकरी कोणता प्रश्न विचारतील?

वहीत नुसते चार चौक पाडून बघा. चौघांची नावं तर पाठ होतीलच. शिवाय ज्या चौकात आपण रिक्षाची वाट बघत उभे असतो, तो चौक कुणाचा आहे हेही कळेल.