चांदीच्या कणांची साक्ष

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने प्रकाशावर लिहावे, हे काहींना खटकेल. पण मालाची पारख हा व्यापाराचाच प्रश्न आहे.

१९२८ साली कलकत्त्यात रामन व कृष्णन यांनी दाखविले की, पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश आपला रंग बदलतो. हा बदल प्रत्येक रेणूचा निराळा, जणू अंगठ्याचा ठसाच! मात्र तो अंश सुमारे कोटीत एक, म्हणून फारच फिका.

१९७४ मध्ये इंग्लंडात साउदॅम्प्टन येथे फ्लाइशमन, हेंड्रा व मॅक्क्विलन यांना खडबडीत चांदीवर पिरिडिनचा ठसा ठळक दिसला. १९७७ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी ही वाढ लाखपटीच्या घरातली असल्याचे सांगितले. प्रकाशाने चांदीतील इलेक्ट्रॉन एका तालात डोलतात आणि कणांमधील फटींत विद्युतक्षेत्र तीव्र होते, हे त्याचे मुख्य कारण.

पण फट बदलली की ठळकपणाही बदलतो. म्हणून चांदीचे नॅनोकण कागदावर, सिलिकावर किंवा ग्राफीनवर बसवून संमिश्र पदार्थ करतात. त्यामुळे ते एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत. फळावरील कीटकनाशकाचा अंशही त्यांनी ओळखता येतो.

तरीही ओळखणे वेगळे, मोजणे वेगळे. दर खेपेस निराळे वजन दाखविणारा काटा आपण बाजारात चालू देत नाही. तोच नियम या ठशालाही लावला पाहिजे. नाहीतर निर्दोष माल नाकारला जाईल आणि नुकसान शेतकऱ्याचे होईल.