पोट, जंतू आणि स्वमग्न मूल

परीक्षेच्या दिवशी सकाळी पोटात गोळा येतो, हा अनुभव आपणांपैकी कोणास नाही? मनाचे कितीतरी व्यवहार आपल्या भाषेने पोटाच्याच खाती मांडून ठेवले आहेत. अपराध पोटात घालावयाचा, गुपित पोटात ठेवावयाचे, आणि माया तर पोटातच असते. शास्त्रज्ञांनीही अलीकडे हे खाते उघडून पाहावयास घेतले आहे. त्यातील एक प्रकरण, जरा नाजूक असे, आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या मोठ्या आतड्यात सूक्ष्म जंतूंची अफाट वस्ती असते. २०१६ साली केलेल्या एका हिशेबाप्रमाणे प्रौढ पुरुषाच्या देहात सुमारे ३८ लाख कोटी जंतू नांदतात; सर्वांचे वजन मिळून मात्र पावशेराच्या आतच भरते. ते उपद्रवी नव्हेत. आपल्याला न पचणारा चोथा ते आंबवतात, काही जीवनसत्त्वेही तयार करतात. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे जाळे आहे, आणि व्हेगस नावाची लांब चेता पोटातील वर्तमान मेंदूपर्यंत नेते. तेव्हा जंतूंच्या घडामोडींचा परिणाम मेंदूवर होत असावा, हा तर्क वावगा नाही.

आता स्वमग्नतेकडे वळू. १९४३ साली बाल्टिमोर येथील लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. ही मुले इतरांत मिसळत नसत, आपल्याच विश्वात रमत, आणि नित्याचा क्रम थोडा मोडला तरी व्याकुळ होत. पुढे कित्येक वर्षे याचा दोष आईच्या रुक्ष वागण्यावर लादला गेला. आधीच कष्टी असलेल्या मातांवर झालेला हा घोर अन्याय होता. स्वमग्नतेत वंशपरंपरेचा वाटा फार मोठा आहे, हे आता जुळ्यांच्या व भावंडांच्या अभ्यासावरून दिसून आले आहे.

अशा मुलांना बद्धकोष्ठ, जुलाब, पोटदुखी यांचा त्रास इतर मुलांहून अधिक होतो. त्यावरून काहींना वाटले, मूळ जंतूंतच तर नसेल? २००० साली अमेरिकेत ११ मुलांना व्हँकोमायसिन हे जंतुनाशक औषध पोटातून देऊन पाहिले. काही काळ सुधारणा दिसली आणि पुढे ती बहुतांशी ओसरली. २०१७ साली अ‍ॅरिझोना येथे १८ मुलांच्या आतड्यांत निरोगी माणसांचे जंतू सोडण्यात आले. पोटाच्या तक्रारी पुष्कळच कमी झाल्या, वागण्यातही फरक पडल्याचे आढळले, आणि दोन वर्षांनंतरही तो टिकून होता. बातमी जगभर गेली, यात नवल नाही.

परंतु येथे थोडे थांबावयास हवे. त्या प्रयोगात सर्वच मुलांना उपचार मिळाला होता आणि आईबापांना ते ठाऊक होते. आशेने पाहणाऱ्या डोळ्यांना सुधारणा लवकर दिसते. शिवाय मुले वयानेही वाढतच असतात. निम्म्या मुलांना नुसतेच पाणी दिले असते, आणि कोणाला काय मिळाले हे कोणासच कळू दिले नसते, तरच खरा निवाडा झाला असता.

२०२१ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २४७ मुलांचे मल तपासले. त्यांत ९९ मुले स्वमग्न होती. जंतूंचा आणि स्वमग्नतेचा थेट संबंध त्यांना जवळजवळ आढळलाच नाही. आढळले ते निराळेच. पुष्कळ स्वमग्न मुलांना ठराविकच पदार्थ रुचतात. कोणी पांढऱ्या भातावाचून काही खात नाही, कोणाला कुरकुरीत तेवढेच चालते. आहारात विविधता नाही, म्हणून जंतूंतही विविधता नाही! म्हणजे जंतूंमुळे मुलाचे वागणे बदलले असे नसून, मुलाच्या वागण्यामुळे जंतू बदलले असावेत. गाडी आणि बैल यांत पुढे कोण, हे पाहण्याची ही रीत विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावी. हा वाद मिटला आहे असे मात्र नव्हे. शोध चालूच आहे.

एवढा ऊहापोह करण्याचे कारण आहे. १९९८ साली अँड्र्यू वेकफील्ड या इंग्लंडमधील डॉक्टराने १२ मुलांच्या आतड्यांचा दाखला देऊन गोवराच्या संयुक्त लशीवर स्वमग्नतेचा संशय आणला. तो निबंध अप्रामाणिक ठरून २०१० साली मागे घेण्यात आला. मधल्या काळात घाबरलेल्या कित्येक आईबापांनी मुलांना लस टोचून घेतली नाही, आणि गोवराने पुन्हा डोके वर काढले. आजही जंतूंच्या पुड्या व गोळ्या ‘स्वमग्नता बरी करणाऱ्या’ म्हणून महाग दराने विकल्या जातात. तसे गुण कोणत्याही पुडीत सिद्ध झालेले नाहीत. घरचे दही-ताक मुलास आवडत असेल तर खुशाल द्यावे, पण ते अन्न म्हणून.

पोटाकडे दुर्लक्ष मात्र करू नये. ज्या मुलास बोलता येत नाही, त्याला पोट दुखते हेही सांगता येत नाही. ते अकस्मात डोके आपटू लागले, रात्रभर जागू लागले, तर घरची माणसे त्यास हट्ट समजतात. अशा वेळी प्रथम डॉक्टरांकडून पोट तपासून घ्यावे. साधे बद्धकोष्ठ निघाले व त्यावर इलाज झाला, तर स्वमग्नता जाणार नाही. पण मूल रात्री झोपेल, आणि त्याची आईही.