बोटीतली ऊब

आमच्या पांढरकवड्याचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. पण तेथील थंडीची ख्याती फारशी कोणी सांगत नाही. पौषात खुनी नदीकडून पहाटेचा वारा सुटला, की दारेखिडक्या आपोआप लागत. माझ्या लहानपणी, १९६८ च्या सुमारास, आमच्या घरी बाळंतीण होती. तिच्या खोलीत आजी रोज रात्री निखाऱ्यांची शेगडी ठेवी आणि खिडकीचे एक दार किलकिले ठेवी. एका रात्री गारठा फार म्हणून कोणीतरी ते लावून टाकले; दाराखालच्या फटीतही गोणपाट कोंबले. मीही त्याच खोलीत आजीच्या कुशीत निजलो होतो. मध्यरात्री बाळ रडू लागले. आजी उठली, ती भेलकांडतच. डोके जड झालेले, पोटात मळमळत होते. तरी तिचा हात गेला तो दाराच्या कडीकडे. दार उघडले आणि आम्ही सारे वाचलो. खोलीत धूर नव्हता, वासही नव्हता. म्हणून मला मात्र वाटले, की आजी उगीच घाबरली.

तिने ज्याला घाबरावे, तो वायू डोळ्यांना दिसतच नाही. निखाऱ्यांच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो आणि हवा अपुरी पडू लागली, की त्याचे प्रमाण वाढत जाते. त्याला रंग नाही, गंध नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोहोचविते. पण हा वायू त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग प्राणवायूला जागाच उरत नाही. प्रथम डोके दुखते, ओकारी येते, गुंगी येते. आणि माणूस झोपेत असेल, तर त्याला पुन्हा जाग येईलच असे नाही.

आता आमच्या अंगणातील तांब्याचा बंब पाहा. त्याच्या मधोमध एक नळी असते. नळीत पऱ्हाट्या-तुराट्यांचा जाळ, नळीभोवती पाणी. हवा खालच्या जाळीतून आत शिरते आणि धूर वरच्या तोंडाने निघून जातो. पाणी कढत होते, पण धुराचा त्याला स्पर्शही होत नाही. ऊब एका बाजूला आणि धूर दुसऱ्या बाजूला, अशी ही वाटणी आहे. ज्याने बंब प्रथम घडविला, त्या तांबटाला मी मनातल्या मनात नेहमी नमस्कार करतो.

बंबाचे हे तत्त्व दूरच्या थंड समुद्रांवरील बोटींतही उपयोगी पडते. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' नावाची शिडाची नौका बांधली गेली. तिची लांबी सुमारे १७ मीटर. आपल्या नौसेनेचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी तिच्यातून मुंबईहून एकटेच निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून असा प्रवास करणारे ते पहिले भारतीय होत. त्यांची वाट दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या केप हॉर्नवरून गेली. तेथील पाणी बर्फासारखे गार असते. नौकेची भिंत पातळ, बाहेर असे पाणी आणि आत माणसाच्या श्वासाची वाफ. ती भिंतीवर थेंबाथेंबाने साचते आणि अंथरूण, कपडे, सारे दमट करून टाकते. थंड सागरांत महिनोन्‌महिने राहणाऱ्या अनेक नौकांवर म्हणूनच केबिनमध्ये हीटर बसवितात. अशा बंद केबिनमध्ये उघडी शेगडी ठेवणे, म्हणजे आमची ती रात्र पुन्हा ओढवून घेणे.

हा हीटर डिझेलवर चालतो. एका धातूच्या बंद कोठीत पंपाने मोजके डिझेल येते आणि विजेने तापलेली कांडी ते पेटविते. ज्वाळेसाठी लागणारी हवा एका नळीने आत येते व जळका वायू दुसऱ्या नळीने नौकेबाहेर जातो. केबिनमधील हवा पंख्याने त्या तापलेल्या कोठीच्या बाहेरून फिरते, गरम होते आणि परत येते. हा आपला बंबच; फक्त पाण्याच्या जागी हवा. बाहेर जाणारी नळी आधी उंच वळवून मग खाली आणतात, नाही तर लाटेचे पाणी उलट थेट कोठीत शिरेल.

हीटर बंद करतानाही घाई चालत नाही. ज्वाळा विझली तरी पंखा काही मिनिटे फिरत राहिला पाहिजे, म्हणजे कोठी निवते आणि उरलेला वायू निघून जातो. मुख्य बटण एकदम बंद करणारा खलाशी यंत्राचे आयुष्य कमी करतो. सतत मंद आचेवर चालविले, तर आत काजळी धरते. म्हणून अधूनमधून ते पूर्ण आचेवर चालवितात. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा पेटविले, तर पंपात व नळ्यांत डिझेल साचून बसत नाही. सर्वांत मोठे काम मात्र धुराच्या नळीचे सांधे तपासण्याचे. कोठे काळा डाग दिसला, तर तेथून धूर गळतो असे समजावे. आणि इतके करूनही, कार्बन मोनॉक्साइड वाढताच किंचाळणारे लहानसे यंत्र झोपण्याच्या जागेजवळ टांगतात.

हे सारे फाजील लाड वाटतील, म्हणून रिचर्ड बर्ड यांची हकीकत सांगतो. हे अमेरिकन दर्यावर्दी १९३४ च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकावर बर्फात पुरलेल्या खोलीत हवामानाच्या नोंदी घेत एकटेच राहिले. ती बोट नव्हती. पण बंद केबिनच होती. स्टोव्हच्या नळीचे सांधे सैल होते, बिनतारी यंत्राला वीज देणाऱ्या इंजिनाचा धूरही कोंडे. ते हळूहळू आजारी पडले. नळीचा धोका ओळखूनही दुसरा मार्ग नव्हता: स्टोव्ह पेटविला तर विषारी वायू, विझविला तर जीवघेणी थंडी. मग ते दिवसातील पुष्कळ वेळ स्टोव्ह विझवून कुडकुडत बसू लागले. आपण आजारी आहोत, हे त्यांनी सोबत्यांना कळविले नाही. कारण काळोख्या हिवाळ्यात त्यांनी आपल्यासाठी जीव धोक्यात घालावा, हे त्यांना नको होते. पण बिनतारी संदेशांतील गोंधळ सोबत्यांच्या लक्षात आला. ऑगस्टमध्ये तिघे जण काळोखातून वाट काढीत त्या खोलीपाशी पोहोचले, तेव्हा बर्ड अत्यंत अशक्त झाले होते.