नुसती चित्रंच काढायची?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड होती. आता पेंटिंगमध्येच बीएफए करायचं म्हणते. चार वर्षं नुसती चित्रं काढून काय शिकणार?
– एक पालक, सातारा

उत्तर : ‘नुसती’ म्हणालात, तिथेच गोम आहे. समोर मॉडेल बसलेलं, हातात कोळसा. तासाभराने कळतं, की मान चुकीच्या जागी बसलीय. मग शिळ्या पावाचा गर मळून ती पुसायची आणि पुन्हा मांडायची. पहिलं वर्ष बरंचसं असंच जातं. शिकायची असते ती नजर. हात मागाहून येतो. जोडीला कलेचा इतिहास असतोच. त्याचा मुलांना कंटाळा येतो, हेही सांगून ठेवतो.

सायन्सची अडचण नाही. मात्र ग्रेडवर विसंबू नका. राज्याची सीईटी द्यावी लागते. १८५७ पासूनच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाला आता अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे, तिथले प्रवेशाचे नियम वेगळे पाहा. सीईटीत मुलं घसरतात ती स्मरणचित्रात. तिला रोज अर्धा तास एसटी स्टँडवर बसवा, वही न उघडता. गर्दी घरी येऊन काढू दे. कंडक्टरची बॅग कोणत्या खांद्यावर होती, ते विचारा.