पाठ ११ : दहा महिन्यांचे गुरुजी

दर वर्षी उन्हाळा सरता सरता अमेरिका, इंग्लंड, दक्षिण आफ्रिका अशा देशांतून काही तरुण ज्यू मुलेमुली इस्रायलला येतात. ती सहलीला येत नाहीत, शाळेत इंग्रजी शिकवायला येतात. इस्रायल सरकार आणि ज्यूइश एजन्सी यांनी २००४ साली ‘मासा’ ही संस्था काढली. शिक्षण मंत्रालयाच्या साहाय्याने तिच्यामार्फत हे काम चालते. मुदत साधारण दहा महिन्यांची. वर्ग नेहमीच्या शिक्षिकेचाच असतो. स्वयंसेवक चार-सहा मुलांना बाजूला घेऊन वाचन-बोलण्याचा सराव करून घेतो.

हे स्वयंसेवक रामले, लोद, अश्दोद, बेर शेवा अशा गावांतही जातात. आपली बेने इस्रायल मंडळीही तेथे स्थायिक झाली आहेत. बग्रूत परीक्षेत इंग्रजी सक्तीचे आहे आणि विद्यापीठाच्या दाराशी तेच पुन्हा आडवे येते. सधन घर खाजगी शिकवणी लावते. जेथे आईबाप पाळ्यांत राबतात, तेथे मूल मागे पडते. बुद्धीत नव्हे, सरावात.

अडचण कोठे येते?

१. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, इंग्रजी डावीकडून. ‘बी’ आणि ‘डी’ या छोट्या अक्षरांतही मूल गोंधळते.

२. हिब्रूत ‘अनी तलमीद’ म्हणजे ‘मी विद्यार्थी’. तेथे ‘आहे’ लागत नाही. म्हणून मूल ‘आय स्टुडंट’ म्हणते.

३. हिब्रूत ‘येलेद तोव’, म्हणजे ‘मुलगा चांगला’. म्हणून तोंडून ‘बॉय गुड’ निघते.

आता मराठी पाहा. ‘मी विद्यार्थी आहे’, ‘चांगला मुलगा’. ‘आहे’ही आले आणि विशेषणही आधी आले, अगदी इंग्रजीसारखे! सगळेच सारखे नाही. मराठीत क्रियापद शेवटी जाते, इंग्रजीत मध्ये येते. तरीही ज्या नातवाच्या कानावर आजीची मराठी पडते, त्याची एक पायरी आधीच बांधलेली असते.

चांगला स्वयंसेवक कोणता?

पुष्कळ स्वयंसेवकांना हिब्रू नीट येत नाही. ही उणीव कामाला येते. समजा, त्याला ‘खेत’ अक्षराचा घशातला उच्चार जमत नाही. मग वर्गात सगळ्यांत मागे बसणारा मुलगा त्याला तो शिकवतो. जो चुकण्याच्या भीतीने तोंड उघडत नव्हता, तोच गुरुजी होतो! मोठा माणूस हसत हसत चुकतो, हे एकदा पाहिले की मुलाची जीभ सैल होते.

पण दहा महिने संपतात. मुलांना लळा लागलेला असतो आणि ताई किंवा दादा निघून जातो. म्हणून शहाणा स्वयंसेवक प्रत्येक मुलाची वही ठेवतो: काय वाचता येते, कोठे अडते. जाताना ती वही शिक्षिकेच्या हाती देतो. पुढच्या वर्षी येणाऱ्याला मग पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

आपल्या समाजानेही दूरच्या हातांची मदत अनुभवली आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढली. तिला लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने साहाय्य केले. पुढे तीच सर एली कदूरी शाळा झाली. मदत बाहेरून आली, पण शाळा रोज उघडली ती गावातल्याच माणसांनी.

शब्दार्थ
मुदत – ठरलेला काळ
सधन – पैसा असलेले
पाळी – कामाची ठरावीक वेळ
उणीव – कमतरता
लळा – माया, सवय

स्वाध्याय
१. ‘बॉय गुड’ ही चूक का होते? मराठीच्या आधारे ती कशी सुधाराल?
२. जाताना वही मागे ठेवणे का महत्त्वाचे आहे?
३. घरी आजी-आजोबांना विचारा : त्यांना इंग्रजी कोणी शिकवले? उत्तर मराठीत पाच ओळींत लिहा.